रोवणीच्या दिवसांतले श्वास

धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू झाली की इकडे आमच्या पेशंटभाऊला बुरशी धरते. दरवर्षीचं आहे हे. कपाट उघडलं की दमट रबर, पावडर आणि उडून गेलेलं स्पिरिट यांचा मिळून एक वास येतो, आणि मला कळतं की ते दिवस आले. वामनमामा, आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, फाटक्या बनियनच्या बोळ्यानं पेशंटभाऊची मान आणि कानामागच्या खाचा पुसत बसतात. "मॅडम, यंदा लय माजली जी बुरशी," ते म्हणतात. मागच्या वर्षीही त्यांनी हेच म्हटलं होतं. मीही मागच्या वर्षी "हो ना" म्हटलं होतं.

पेशंटभाऊ म्हणजे रबराचा माणूस. तोही पुरता नाही, कंबरेपर्यंतच. हात नाहीत, पाय नाहीत. डोकं, मान, छाती आणि छातीच्या आत दोन पिशव्या, त्याच त्याची फुप्फुसं. श्वास थांबलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा, बंद पडलेलं हृदय बाहेरून दाबून कसं चालवायचं, हे कोणाच्या घरच्या माणसावर शिकता येत नाही. म्हणून डॉक्टर होणारी पोरं आधी त्याच्यावर हात बसवतात. मी भूलशास्त्र शिकवते, आणि हेही. गेली वीस-एक वर्षं. एवढ्या वर्षांत पेशंटभाऊ माझ्या डोळ्यांदेखत हजारो वेळा मेला आणि तितक्याच वेळा कापडानं पुसून पुन्हा टेबलावर आला. त्याला त्याचं काही नाही. थकते ती मी.

खरंच थकते. हे म्हणायला आता लाज वाटत नाही. वर्ग तोच, वाक्यं तीच, विनोदसुद्धा तेच. मान अशी मागे घ्या, हनुवटी वर उचला, मास्क नाकातोंडावर घट्ट धरा, पिशवी दाबा, छाती वर येते का बघा. पाच-सहा जणांची एक तुकडी आत, दुसरी दाराबाहेर उभी. आतली पोरं घाबरलेली, बाहेरची मोबाइलवर. एक तरी हळूच विचारतोच, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" पूर्वी मी चिडायची. आता म्हणते, येतं बाबा, कधी येईल ते मात्र सांगून येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, तर 'समजा'. समजा, हा चाळीस वर्षांचा माणूस आहे. समजा, ऑक्सिजन जोडलेला आहे. समजा, सिस्टर मदतीला आहे. पेशंटभाऊच्या मानेत एक बारीक फुगा होता. बाहेरून पंप दाबला की तो फुगायचा आणि बोटाखाली नाडी लागायची. तो फाटला. वामनमामांनी सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणून दोनदा चिकटवला, तिसऱ्यांदा तो चिकटेना. नव्या फुग्यासाठी लिहिलेली पत्रं कुठं तरी फायलीत असतील. तेव्हापासून नाडीही 'समजा'त गेली. पोरं मानेला बोट लावल्यासारखं करत आणि म्हणत, "समजा, नाडी नाही." हळूहळू तेवढंही म्हणेनाशी झाली. मीही टोकलं नाही. आणि वेळ भरत आली, बाहेरची तुकडी चुळबूळ करायला लागली, की मी घड्याळाकडे पाहून प्रसंग संपवायची. "अर्धा तास झाला असं धर. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत, अंगाची हालचाल नाही. थांब. नातेवाईकांना नीट सांग." की पुढची तुकडी आत.

थांब. किती सोपा शब्द आहे. माझ्या तोंडात तो इतका बसला होता की म्हणताना मी दुसरीकडे बघत असे.

रविवारी मी मूल गावी जाते. माहेर तिथलंच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या भरलेल्या असतात, आणि त्यांत वाकलेल्या बायांच्या रांगा. अंगावर प्लॅस्टिकच्या निळ्या-पिवळ्या खोळी, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. रोवत रोवत मागे सरकत जायचं हे काम. माझी आई हेच करायची. आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्याच बाया जायच्या. मी शाळा बुडवून नव्हे, पण रविवारी तिच्या शेजारी उभी राहून रोवलेलं आहे. पहिल्याच दिवशी माझी कंबर धरली आणि मी सरळ उभी राहिले. तेवढ्यात रांग दोन हात मागे गेली, माझ्यासमोर मोकळं पाणी राहिलं. आई ओरडली नाही. वर न बघता म्हणाली, "कंबर दुखली त सांगाचं. 'माह्यं धर' म्हणाचं. मंग उभं राहाचं."

तो नियम होता. जिला थांबायचं असेल तिनं 'माह्यं धर' म्हणायचं. शेजारची तिचा पट्टा आपल्या पट्ट्याला जोडून घ्यायची, हात लांब करून दोघींचं रोवायची, पहिली परत वाकेपर्यंत. काऊन थांबली, किती वेळ लागन, असं कोणी विचारायचं नाही. चहा प्यायला, लेकराला पाजायला, किंवा नुसतंच आभाळाकडे बघायला. फक्त न सांगता उठायचं नाही. मी पुढं शिकले, डॉक्टर झाले, आमच्या घरातली पहिली. आईनं त्यानंतर मला बांधीत पाय घालू दिला नाही. आणि मी विसरले. विसरायला काही लागत नाही, नुसतं मोठं होत जावं लागतं.

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे ते काही फार जुनं नाही. त्या वर्षी प्रणाली नावाची एक मुलगी आमच्याकडून डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास होऊन कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रावर गेली होती. पास झाल्यावर एक वर्ष असं काम करावंच लागतं, त्यातले काही महिने खेड्यावर. बारीक चणीची, चिमूरकडची, कमी बोलणारी. वर्गात नेहमी शेवटी उभी राहायची आणि पेशंटभाऊच्या छातीवर हात ठेवताना आधी त्याचा शर्ट नीट करायची. पोरं हसत. मीही एकदा म्हणाले होते, "अगं, त्याला लाज नाही वाटत." ती म्हणाली होती, "मले वाटते न मॅडम."

रोवणीच्या दिवसांत इकडे साप फार. त्यातही मण्यार वाईट. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. सकाळी पोट दुखतं, गळा धरतो, पापण्या जड होतात. माणूस म्हणतो, झोप झाली नाही, आणि तसाच कामाला निघतो. मग हळूहळू अंगातलं एक एक बळ जातं. शेवटी श्वासाचं. हृदय मात्र धडधडत असतं. अशा माणसाला कोणी तरी बाहेरून श्वास देत राहिलं, आणि इंजेक्शन वेळेत मिळालं, तर चार-सहा दिवसांत तो उठून बसतो. देत राहिलं तर. एवढंच आहे ते, आणि तेच अवघड आहे.

सुनंदा अशीच सकाळी उठून बांधीवर गेली होती. तिशीतली बाई. अर्ध्या तासात रोपांची पेंढी तिच्या हातातून गळून पडली. रांगेतल्या सगळ्यात जुन्या बाईनं, पार्बताबाईनं, तिच्या पापण्या पाहिल्या आणि रोवणी तिथंच सोडून सगळ्यांनी तिला ट्रॅक्टरवर घातलं. आरोग्य केंद्रावरचे मोठे डॉक्टर आदल्या दिवशी पलीकडच्या गावी गेलेले आणि नाला भरल्यानं तिकडेच अडकलेले. इकडे प्रणाली आणि एक सिस्टर. दोघींनी इंजेक्शन सुरू केलं. गाडी मागवली, ती निघाली, पण नाल्याच्या पलीकडे उभी. पाणी उतरल्याशिवाय ती येणार नव्हती. आणि नऊच्या सुमाराला सुनंदाचा श्वास थांबला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला कळलं ते इतकंच: फोन वाजला.

त्या दिवशी आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा होती. पोरांची रांग, बाहेरून आलेले परीक्षक, समोर गार होत चाललेला चहा. केंद्रावर फोनला रेंज फक्त बोरिंगपाशी येते, त्यामुळे प्रणाली धावत तिथं आलेली. धाप लागलेली. मी शिकवलं होतं तसंच तिनं सांगितलं, थोडक्यात, क्रमानं. "मॅडम, अर्धा तास झाला. पिशवीनं श्वास देऊन राह्यलो. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, टॉर्चला हलत नाही. हात उचलला तर पडते. काहीच हालचाल नाही. थांबू का?"

मी विचारायला हवं होतं, काय झालं होतं बाईला? नाडी लागते का? मी काही विचारलं नाही. तिनं साप म्हटलं नाही, मी विचारलं नाही. तिनं नाडी म्हटली नाही, मी विचारलं नाही. नाडी तर आम्ही कधीचीच सोडून दिली होती. समोरचे परीक्षक घड्याळ बघत होते. माझ्या तोंडातून ते आपोआप आलं, दुसरीकडे बघत.

"अर्धा तास झाला ना? थांब. नातेवाईकांना नीट सांग."

आणि मी फोन ठेवला. चहा प्यायले. तो गार झाला होता म्हणून मी कुरकुर केली, हेही मला आठवतं. पुढच्या पोराला म्हटलं, "हं, समजा, हा चाळीस वर्षांचा माणूस आहे."

तिकडे काय झालं ते पार्बताबाईकडून ऐकलं. प्रणाली फोनला बाहेर आली तेव्हा मास्क सिस्टरनं धरला होता आणि पिशवी पार्बताबाईच्या हातात दिली होती. दोन जणांचं काम आहे ते. एकानं दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं दाबायचं. प्रणाली परत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा आता बाई. काही उपयोग नाई. मॅडमनं थांबा म्हटलं."

पार्बताबाई दाबत राहिली. वर न बघता तिनं विचारलं, "तू म्हणतं का ते मॅडम म्हणते?"

"मॅडम म्हणते."

"मॅडमनं पायली का हिले?"

"नाई."

"मंग तू तोंड धर. मनगटात टिकटिक होऊन राह्यली हिच्या. आमी दाबतो."

प्रणालीनं तेव्हा कुठं मनगट धरलं. नाडी होती. चांगली ठणठणीत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा मरणाचा चेहरा नाही, मण्यारीचा आहे. डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा विषानंच हलत नाहीत. हे पुस्तकात होतं. मी एकदा वर्गात सांगितलंही होतं, पंधरा सेकंदांत, बाहेरची तुकडी उभी असताना.

सहा बाया होत्या. सिलिंडरमधला ऑक्सिजन दुपारी संपला, नुसत्या हवेवर पिशवी चालली. प्रणाली आणि सिस्टर आळीपाळीनं मास्क धरत होत्या आणि बाया पिशवी दाबत होत्या. जिचे हात भरून आले ती म्हणायची, "माह्यं धर वं," आणि पुढची आधी पिशवीवर हात ठेवायची, मग पहिली आपला काढायची. मध्ये एकही श्वास चुकला नाही. आमच्या प्रयोगशाळेत मी पोरांना किती वर्षं घसा फोडून सांगते, दमायच्या आधी बदला, बदलताना थांबू नका. पोरांना ते जमत नाही. दमलो म्हणायला लाज वाटते, किंवा दोघंही एकदम हात काढतात आणि मग हसतात. या बायांना कोणी सांगितलं नव्हतं. दर पावसाळ्यात त्या हेच करतात.

नाला तीनच्या सुमाराला उतरला. गाडी आमच्याकडे पोचली तेव्हा उन्हं कलली होती. मला श्वासाची नळी घालायला बोलावलं म्हणून मी अपघात विभागात गेले. गाडीचं दार उघडलं. आत चिखलानं माखलेले पाय दिसले, खूप पाय. एक बाई पिशवी दाबत होती, ओठ हलवत मोजत. प्रणाली डोक्याशी उकिडवी बसलेली, मास्क धरून. मी तिची बोटं मास्कवरून काढायला गेले तर ती निघेनात. एक एक करून सोडवावी लागली.

नळी घातली, यंत्र लावलं. यंत्राचा श्वास सुरू झाला आणि त्या बाईनं पिशवी खाली ठेवली. मग मी प्रणालीकडे वळले.

"सकाळी फोन केलास तो हिच्यासाठी?"

"हो मॅडम."

"मी तर थांब म्हटलं होतं."

"मी सांगितलं त्यांना, मॅडम," ती म्हणाली. "त्या थांबल्या नाईत."

ती एवढंच म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, हीच पंचाईत होती. मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. बाहेर आले तर बाया ओट्यावर बसल्या होत्या. पार्बताबाई आपल्या तळहाताकडे बघत होती. पोटरीवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मी म्हटलं, चहा सांगते. ती म्हणाली, "चहा राहू द्या जी. परत जाची गाडी हाय का? अर्धी बांधी राह्यली." मी गाडीची व्यवस्था केली. त्या दिवशी माझ्याकडून झालेलं तेवढंच एक धड काम.

त्या रोवणीत साप चावलेले सगळेच वाचले असं नाही. दोघं रस्त्यातच गेले. त्यांच्या गाडीत पिशवी होती, दाबणारं कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की आमच्याकडे चमत्कारच होतात. आमच्याकडे चमत्कार होत नाहीत. सहा बाया सात-आठ तास हात मोडेस्तोवर दाबतात, एवढंच कधीमधी होतं.

सहाव्या दिवशी सुनंदाची नळी काढली. सातव्या दिवशी ती बोलायला लागली, घोगऱ्या आवाजात. प्रणाली सुट्टी काढून तिला भेटायला आली होती. आम्ही दोघी खाटेपाशी उभ्या होतो. सुनंदा छताकडे बघत बोलत होती, घाई नव्हती तिला.

"मले समदं आयकू येत होतं जी," ती म्हणाली. "डोळा उघडत नोयता. बोट हालत नोयतं. पण आयकू येत होतं. हे पोरगी भाहेर गेली, आली, अन् म्हणे, थांबा, मॅडमनं थांबा म्हटलं."

प्रणालीनं मान खाली घातली.

"मले वाटलं, आता बाया उठतीन. मी मनात म्हणून राह्यली होती. माह्यं धर वं. माह्यं धर. कितीक डाव म्हटलं. तोंडातून निघतच नोयतं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोण होती जी ते मॅडम?"

मी सलाइनचं चाक उगाच फिरवलं. ते ठीक होतं. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवर कोणी तरी डबा उघडत होतं. प्रणाली काही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं. ती कधीच बोलली नसती. मी म्हटलं असतं, असेल कोणी, तर ते तिथंच मिटलं असतं.

"मी," मी म्हटलं. "मीच होते."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. माफ केलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "बरं." आणि कुशीवर वळून झोपली.

ते 'बरं' मी तेव्हापासून बाळगून आहे. कधी वाटतं, त्यात काहीच नव्हतं, बाई दमलेली होती. कधी वाटतं, त्यात सगळंच होतं. रोवणीच्या बाया मला रस्त्यावरून दिसतात तेव्हा मी गाडी हळू करते. थांबत नाही. त्यांच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही.

त्यानंतर प्रयोगशाळेत फार काही बदललं, असं सांगायला आवडलं असतं. पेशंटभाऊ तोच आहे. पाय आले नाहीत, नाडीचा फुगाही आला नाही. मी वामनमामांचं मनगट वापरते. ते टेबलाच्या खाली स्टुलावर बसतात आणि पेशंटभाऊच्या खांद्यापाशी आपला हात वर काढून ठेवतात. पोरं आधी हसतात, मग ते मनगट धरतात, आणि ते गरम लागलं की गप्प होतात. मामा म्हणतात, "मॅडम, पाठ धरते जी माही." मी म्हणते, पाच मिनिटं मामा. दुसरा नियम असा केला, की पेशंटभाऊशी बोलायचं. काय करतोय ते त्याला सांगायचं. त्याच्या उशाशी उभं राहून तो मेला असं म्हणायचं नाही. आणि तिसरा, हात बदलताना 'माझं धर' म्हणायचं. पुण्या-मुंबईकडची पोरं म्हणतात, मॅडम, याला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हणते, माहीत नाही.

मला अजूनही कंटाळा येतोच. नियम केल्यानं कंटाळा जात नाही. गुडघे दुखतात, घसा बसतो, डोळ्यांसमोरून तुकड्यांमागून तुकड्या जातात आणि नावं लक्षात राहत नाहीत. प्रणाली आता भुलीचीच डॉक्टर होते आहे, लांब दुसऱ्या शहरात. तिचा फोन येतो कधी कधी. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. परवा म्हणाली, "मॅडम, इथी मॅनिकिन फार भारी हाय. घाम येते त्याले, डोळे मिचकावते, श्वास घेते." मी विचारलं, "मग शिकतात का पोरं चांगली?"  ती म्हणाली, "वेळ झाला की सर बंद करतात त्याले."

काल शेवटची तुकडी होती. पुढच्या आठवड्यात ही पोरं खेड्यांवर जातील, नेमकी रोवणीत. दुपार. बाहेर दुसरी तुकडी ताटकळलेली, माझी पाठ भरून आलेली, अजून हजेरी व्हायची होती. एक उंच मुलगा पिशवी दाबत होता, एक मुलगी मास्क धरून. मी प्रसंग दिला होता: सकाळी पोट दुखलं, पापण्या पडल्या, मग श्वास थांबला. बराच वेळ झाला होता. मुलीनं टॉर्च मारला. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, बाहुल्या मोठ्या आहेत. काहीच हालचाल नाही. अर्धा तास झाला असं धरलं तर, थांबू?"

तो शब्द माझ्या जिभेवर आला. दर वर्षी येतो. इतक्या वर्षांची सवय आहे, ती काही जायची नाही. मी दाबलेल्या ओठांनी नुसतं पेशंटभाऊच्या खांद्याकडे बोट दाखवलं. तिनं एका हातानं मामांचं मनगट धरलं. मामांनी हळूच बोट हलवलं, तसं मी सांगितलं नव्हतं.

"नाडी आहे," ती म्हणाली.

 ती पुन्हा दोन्ही हातांनी मास्क धरून वाकली आणि पेशंटभाऊच्या कानाशी काही तरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मुलगा दाबत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. बाहेर पोरं दार ढकलून बघत होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "माझं धर," आणि मागच्या एकानं पुढं येऊन आधी पिशवीवर हात ठेवला.

मी खुर्ची ओढली आणि बसले. हजेरीचा कागद पालथा घातला. कोणालाही थांब म्हटलं नाही.